पोस्ट बंद पडलं तर नोटीस कशी द्यायची? करारात हे आधीच कसं लिहून ठेवायचं

कराराच्या अगदी शेवटी "नोटीस" नावाचं एक कलम असतं. तिथपर्यंत येईस्तोवर वाचणारा थकलेला असतो आणि लिहिणाऱ्यानेही ते जुन्या करारातून जसंच्या तसं उचललेलं असतं. त्यात बहुतेक वेळा असं काहीतरी असतं: "रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस, टाकल्यापासून पाचव्या कामाच्या दिवशी मिळाली असं समजलं जाईल."

यातलं "समजलं जाईल" नीट बघा. पत्र खरंच मिळालं का, हा प्रश्नच ते काढून टाकतं. पोस्ट सुरळीत असतं तेव्हा हे सोयीचं, वाद कमी होतात. पण पोस्टमन संपावर आहेत, पत्र कुठल्यातरी सॉर्टिंग सेंटरमध्ये पोत्यात पडलंय, आणि करार म्हणतोय की समोरच्याला ते पाचव्या दिवशी मिळालं, त्याची उत्तर द्यायची ३० दिवसांची मुदतही सुरू झाली! बिचाऱ्याला पत्ताच नाही. म्हणून पोस्ट विस्कळीत झाल्यावर काय करायचं हे वेगळं लिहावं लागतं आणि ते लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही.

हे कधीतरीच होतं असं वाटत असेल तर जरा आठवून बघा. ब्रिटनमध्ये १९७१ साली २० जानेवारी ते ८ मार्च, म्हणजे जवळजवळ सात आठवडे पोस्ट बंद होतं. अमेरिकेत मार्च १९७० मध्ये संप झाला तेव्हा न्यूयॉर्कमधली पत्रं हलवायला लष्कर आणावं लागलं. कॅनडात २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरपासून १७ डिसेंबरपर्यंत संप चालला. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर आणली तेव्हा विमानाने जाणारी डाकही अडकली, आणि २०२० मध्ये कोविडने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंच. डेन्मार्कमध्ये तर पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रं पोचवणंच कायमचं थांबवलं. भारतातही २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, म्हणजे ज्या करारांत "फक्त आरपीएडीने" (म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने) असं लिहिलंय त्यांच्यापुढे नवाच प्रश्न उभा राहिला.

आधी एक गैरसमज. पुष्कळ जण म्हणतात की "पत्र पेटीत टाकलं की काम झालं, कायदाच तसा आहे". ते अर्धंच खरं. १८१८ सालच्या अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल या लोकरीच्या सौद्यातल्या इंग्लिश खटल्यापासून असा नियम आला की प्रस्तावाला होकार देणारं पत्र पोस्टात टाकलं की करार झाला. पुढे १८७९ मध्ये हाउसहोल्ड फायर विरुद्ध ग्रँटमध्ये तर शेअर वाटपाचं पत्र कधी पोचलंच नाही, तरी माणूस भागधारक ठरला. पण हा नियम होकाराचा आहे. झालेल्या कराराखाली नोटीस द्यायची असते तेव्हा करारात काय शब्द आहेत ते बघतात. १९७४ च्या होलवेल सिक्युरिटीज विरुद्ध ह्यूज खटल्यात जागा विकत घेण्याचा हक्क सहा महिन्यांत "मालकाला लेखी नोटीस देऊन" वापरायचा होता. पत्र मुदतीत टाकलं, ते पोचलंच नाही, आणि कोर्ट म्हणालं की नोटीस मालकापर्यंत पोचायला हवी होती, त्यामुळे हक्क गेला. दक्षिण आफ्रिकेत तर १९०२ सालच्या बाल विरुद्ध व्हॅन स्टाडेन या खटल्यामुळे असं मानतात की युद्धाने पोस्टाचा नेहमीचा कारभार कोलमडला असेल तेव्हा होकारालासुद्धा हा नियम लागू होत नाही. उलट टोकाला १९८० चा आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा व्हिएन्ना करार, त्याचं कलम २७ सांगतं की योग्य मार्गाने पाठवलेली सूचना वाटेत रखडली किंवा हरवली तरी पाठवणाऱ्याचा हक्क जात नाही, म्हणजे जोखीम सूचना ज्याला मिळायची त्याच्यावर. एका ठिकाणी इकडे, दुसऱ्या ठिकाणी तिकडे, म्हणूनच हे करारात स्वतः ठरवून टाकायचं.

आता लिहायला बसू. पहिला प्रश्न, "व्यत्यय" म्हणजे काय? नुसतं "संप असल्यास" लिहू नका. मालकानेच केलेली टाळेबंदी असते, आलटून पालटून होणारे संप असतात (कॅनडात २०१८ मध्ये तसंच झालं, आज या शहरात तर उद्या त्या), कामावर येऊन मुद्दाम हळू काम करणं असतं, पूर, साथ, युद्ध, सीमा बंद होणं असतं. आणि कुठला व्यत्यय? पाठवणाऱ्याच्या गावातला की घेणाऱ्याच्या? माझ्या मते दोन्हीकडचा आणि मधल्या वाहतुकीचाही. फक्त एक काळजी घ्या, हे कुणाच्या "मते" ठरू नये. "पाठवणाऱ्याला पोस्ट उशीर करतंय असं वाटल्यास" असं लिहिलंत तर प्रत्येक जण आपल्या सोयीने वाटून घेईल! टपाल सेवेने किंवा त्यांच्या कामगार संघटनेने जाहीर केलेली गोष्ट असं काहीतरी बाहेरचं, तारखेसकट दाखवता येईल असं टोक पकडा.

दुसरी गोष्ट मात्र खरी किचकट आहे आणि बहुतेक साचेबंद कलमं इथेच मार खातात. ती म्हणतात, "नोटीस पाठवण्याच्या वेळी टपालसेवा विस्कळीत असेल तर हातोहात द्यावी." पाठवण्याच्या वेळी! समजा तुम्ही सोमवारी पत्र टाकलं, तेव्हा सगळं ठीक होतं, बुधवारी संप सुरू झाला. कलमानुसार पाठवताना व्यत्यय नव्हता, म्हणजे पाचवा कामाचा दिवस लागू, म्हणजे पुढच्या सोमवारी पत्र "मिळालं". प्रत्यक्षात ते पोत्यात. त्यामुळे वाटेत असलेल्या पत्रांचं काय, हे वेगळं लिहायलाच हवं.

ते लिहिताना लक्षात ठेवा की इथे दोन घड्याळं चालू असतात. एक पाठवणाऱ्याचं, त्याला अमुक तारखेच्या आत नोटीस द्यायची होती. दुसरं घेणाऱ्याचं, त्याला मिळाल्यापासून अमुक दिवसांत उत्तर द्यायचं किंवा चूक दुरुस्त करायची असते. दोन्ही एकाच तारखेला बांधलीत की कुणावर तरी अन्याय होणारच. "प्रत्यक्ष मिळेल तेव्हाच मिळालं" म्हटलं तर वेळेत पत्र टाकणाऱ्याची मुदत संपामुळे हुकते, "टाकलं तेव्हाच मिळालं" म्हटलं तर घेणाऱ्याचे ३० दिवस पोत्यात जातात. म्हणून वेगळी करा. मी साधारण असं लिहीन:

"टपालसेवा बंद पडली, विस्कळीत झाली किंवा तशी होणार असल्याचं टपाल सेवेने अथवा तिच्या कर्मचारी संघटनेने जाहीर केलं, आणि त्याचा परिणाम पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या पत्त्यावर अथवा मधल्या वाहतुकीवर होत असेल, तर त्या काळात या कराराखालची नोटीस टपालाने न देता हातोहात, कुरियरने किंवा परिशिष्टात दिलेल्या ईमेल पत्त्यावर द्यावी. नोटीस टपालात टाकल्यानंतर, पण ती मिळाल्याचं धरण्याच्या दिवसाआधी व्यत्यय सुरू झाला, तर पाठवणाऱ्याने ३ कामाच्या दिवसांत तिची प्रत वरीलपैकी एका मार्गाने द्यावी. तशी दिल्यास नोटीस देण्याची मुदत पाळली गेली असं समजलं जाईल, पण घेणाऱ्याची मुदत मूळ नोटीस किंवा प्रत यांपैकी जे आधी प्रत्यक्ष मिळेल त्या दिवसापासून मोजली जाईल."

हा काही मंत्र नाही, आकडे बदला, भाषा बदला, पण "जाहीर केलं" आणि "आधी प्रत्यक्ष मिळेल" हे तुकडे काढू नका. आणि मोठ्या रकमेचा करार असेल तर वकिलाच्या नजरेखालून घाला, कारण काही नोटिसा कशा द्यायच्या हे कायदाच ठरवतो आणि तिथे तुमच्या करारातला ईमेल चालेलच असं नाही.

काही जण दुसरा मार्ग घेतात, पर्यायी साधन न देता फक्त मुदत वाढवतात, "व्यत्यय असेल तितके दिवस मुदत पुढे जाईल". कागदपत्रं, हिशेब, अहवाल पाठवण्यासाठी हे ठीक आहे. पण जागा घेण्याचा हक्क, करार संपवणं, नूतनीकरण असल्या तारखेला जीव टांगलेल्या गोष्टींना हे लावू नका, कारण संप कधी संपेल कुणालाच माहीत नसतं आणि तोवर करार चालू आहे की संपलाय हेच कळत नाही.

आता पर्यायी साधनं. हातोहात द्यायची तर कुणाच्या हातात? रिसेप्शनवर दिली तर चालेल का, सही घ्यायची का, सही द्यायला नकार दिला तर काय, हे लिहा. "पत्त्यावरच्या जबाबदार व्यक्तीकडे देऊ केली की पुरे, सही नाकारली तरी दिली असं समजलं जाईल" एवढं वाक्य बरेच वाद वाचवतं. कुरियरबद्दल एक व्यवहारी गोष्ट: पोस्ट बंद पडलं की सगळे कुरियरकडे धावतात, मग तेही तुंबतात, आणि काही खासगी सेवा लांबच्या भागात शेवटचा टप्पा पोस्टाकडूनच करून घेतात. म्हणून कुरियरलाही "टाकल्यापासून दोन दिवसांत मिळालं" असं गृहीतक लावू नका, ट्रॅकिंगवर पोचल्याची नोंद झाली तो दिवस धरा.

ईमेल सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त भांडणं लावणारा. माणसाच्या नावाचा पत्ता देऊ नका, तो नोकरी सोडतो आणि मेलबॉक्स बंद होतो. नोटिसांसाठी वेगळा पत्ता ठेवा आणि तो रोज कुणीतरी बघतंय याची खात्री करा. विषयाच्या ओळीत "करारानुसार नोटीस" लिहायचं ठरवा, नाहीतर ती जाहिरातींच्या गर्दीत जाते. मेल परत आला तर नोटीस दिली गेली नाही असं स्पष्ट लिहा, आणि कामाच्या वेळेनंतर आलेला मेल दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळाला असं धरा, दोघं वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये असाल तर वेळ घेणाऱ्याच्या ठिकाणची. व्हॉट्सअ‍ॅप? "नोटीस कुरियरने निघाली आहे" एवढं कळवायला उत्तम, पण करार संपवायची नोटीस त्यावर देऊ नये असं माझं मत आहे, फोन बदलतो, चॅट डिलीट होतं, आणि निळी टिक बंदही ठेवता येते.

फोर्स मेज्यरचं (हाताबाहेरच्या संकटाचं) कलम आहे ना, मग हे कशाला, असं विचारणारे हमखास भेटतात. ते कलम बहुधा काम न झाल्याची माफी देतं, न पोचलेली नोटीस पोचवत नाही. शिवाय गंमत बघा, त्या कलमात नेहमी असतं की संकट आल्याची नोटीस अमुक दिवसांत द्यावी. आणि ती द्यायची कशी? नोटिशीच्या कलमाप्रमाणे, रजिस्टर्ड पोस्टाने!

व्यत्यय संपला कधी हेही लिहा. संप मिटला त्या दिवशी डोंगराएवढा साठा पडलेला असतो, तो उपसायला वेळ लागतो. म्हणून "सेवा पूर्ववत झाल्याचं जाहीर झाल्यानंतर १० कामाच्या दिवसांपर्यंत व्यत्यय चालू आहे असं समजावं" अशी उशी ठेवलेली बरी. आणि चेकने पैसे येत असतील तर त्यासाठी वेगळं वाक्य हवं, नोटिशीचं कलम पैशाला आपोआप लागू होत नाही, सरळ बँक ट्रान्सफर असं लिहून मोकळे व्हा.

करार आधीच झालाय आणि पोस्ट आता बंद पडलंय, तर? आधी कलमातला शब्द बघा. "टपालाने देता येईल" असेल तर दुसरे मार्ग बहुधा मोकळे आहेत, "टपालानेच द्यावी" असेल तर जपून. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी १९९७ च्या मन्नाई खटल्यात उदाहरण दिलं होतं की कलमात नोटीस निळ्या कागदावर द्यायची असेल तर गुलाबी कागदावर देऊन उपयोग नाही. कोर्ट उदार होईल या भरवशावर राहू नका. समोरच्याला फोन करा, दोघांच्या सहीचं एक छोटं दुरुस्तीपत्र करा की "या काळात ईमेल चालेल", तेवढं पुरतं. करार सहीनेच बदलता येतो असं त्यात लिहिलं असेल तर नुसत्या "ओके" च्या मेलवर थांबू नका.

समोरचा दादच देत नसेल तर सगळ्या मार्गांनी पाठवा: करारात आहे तसं पोस्टाने (काउंटर उघडं असेल तर पावती घ्या), शिवाय कुरियरने, शिवाय ईमेलने, प्रत्येकात तेच पत्र, तीच तारीख, आणि तळाशी एक ओळ की हीच नोटीस इतर मार्गांनीही पाठवली आहे. संपाच्या जाहीर सूचनेचा तारखेसकट स्क्रीनशॉट, कुरियरची पावती, ट्रॅकिंगचं पान, पाठवलेला मेल हे सगळं एका फोल्डरमध्ये त्याच दिवशी टाका, कारण ट्रॅकिंगची पानं काही महिन्यांनी गायब होतात. आणि हे करायच्या आधी पत्ता तपासा. समोरच्याने पत्ता बदलल्याची नोटीस तुम्हाला पाठवलेली असू शकते, आणि तीही त्याच पोत्यात असू शकते.