बाजारभावाच्या पानाचा फोटो आपोआप कसा काढावा

कापसाचा पहिला वेचा घरात आला की आमच्या वर्धा जिल्ह्यात खेडा खरेदीवाले फिरू लागतात. व्यापारी अंगणात काटा लावून उभा, आणि आज हिंगणघाटला काय भाव निघाला हे कास्तकाराला माहीत नाही. मग सौदा कोणाच्या बाजूने झुकतो ते सांगायला नको. भाव इंटरनेटवर असतो. राज्याचं कृषी पणन मंडळ आणि केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट, दोन्हीकडे बाजार समित्यांची आवक आणि दर मिळतात. पण गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली तर फारसं कोणी उघडत नाही. जिल्हा निवडा, समिती निवडा, शेतमाल निवडा, मग रेंजची वाट पाहा, एवढा धीर शेताच्या धुऱ्यावर उभ्या माणसाला कुठून असणार? फोटो मात्र सगळे उघडतात.

रोज हाताने स्क्रीनशॉट काढून मी कंटाळलो आणि ते काम जावास्क्रिप्टवर सोपवलं. त्याची कृती इथे देतो. प्रोग्रामिंग थोडंफार पाहिलेलं असलं तरी पुरे. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत लिहायची. नावात आडवी रेघ दिसेल तिथे शब्द जोडून आणि दुसऱ्या शब्दापासून पहिलं अक्षर कॅपिटल करून. जिथे वेगळं लिहायचं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी हत्यार निवडू. जुन्या लेखांत फँटम-जेएस हा न दिसणारा ब्राउझर सापडेल. ते २०११ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये त्याचं काम थांबलं, त्याच्या नादी लागू नका. एचटीएमएल-टू-कॅनव्हास हे नाव फार ऐकू येतं, पण ते खरं तर फोटो काढतच नाही. पानाची रचना आणि रंगरूप वाचून ते तसंच चित्र नव्याने रेखाटतं. तुमच्याच पानावर 'पावती जतन करा' असं बटण द्यायचं असेल तर ते चांगलं. दुसऱ्याच्या संकेतस्थळाचा फोटो त्याने निघत नाही. त्यासाठी खरा ब्राउझर चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते. एक पपेटियर, गुगलच्या क्रोम टीमने २०१७ मध्ये आणलेली. दुसरी प्लेराइट, मायक्रोसॉफ्टची, २०२० मधली, जी फायरफॉक्स आणि वेबकिटही (सफारी ब्राउझरचं इंजिन) हाकते. दोन्हींची चाल जवळपास सारखीच. मी पपेटियर वापरतो. पपेटियर म्हणजे कळसूत्री बाहुल्या नाचवणारा. इथे बाहुली म्हणजे क्रोम, तोही पडद्यावर न दिसता चालणारा.

कॉम्प्युटरवर नोड-जेएस बसवा, ते जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवतं. एक रिकामं फोल्डर करा, त्यात टर्मिनल उघडा आणि 'एनपीएम इन्स्टॉल पपेटियर' ही आज्ञा द्या. स्पेलिंग सांभाळा: पी, यू, दोन पी, ई, टी, दोन ई, आर. ही लायब्ररी स्वतःपुरता वेगळा क्रोम उतरवून घेते आणि तो काहीशे एमबीचा असतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे करायला गेलात तर दिवसाचा डेटा तिथेच संपेल. तालुक्याच्या गावी वायफाय मिळेल तिथे करून आणा. नाहीतर 'पपेटियर-कोर' घ्या (हे नाव सगळं लहान अक्षरांत, मधली रेघ तशीच). ते ब्राउझर उतरवत नाही. कॉम्प्युटरवर आधीच असलेल्या क्रोमचा पत्ता 'एक्झिक्युटेबल-पाथ' मध्ये दिला की काम होतं.

आता 'भाव' नावाची फाईल करा, शेपटी (एक्स्टेन्शन) एमजेएस. आत मोजून सहा कामं आहेत. लायब्ररी आयात करा, 'लाँच' ने ब्राउझर उघडा, 'न्यू-पेज' ने नवं पान घ्या, 'गोटू' ने पत्त्यावर जा, 'स्क्रीनशॉट' ला फाईलचं नाव देऊन फोटो काढा, 'क्लोज' ने ब्राउझर बंद करा. आयात सोडली तर प्रत्येक आज्ञेआधी 'अवेट' हवाच, म्हणजे हे काम पुरं होईपर्यंत थांब. तो विसरलात तर पान उघडायच्या आधीच फोटोची आज्ञा सुटते.

सांगितलं नाही तर पपेटियरची खिडकी ८०० बाय ६०० पिक्सेलची असते. आपला फोटो मोबाईलवर बघायचा आहे, म्हणून 'सेट-व्ह्यूपोर्ट' मध्ये रुंदी ४०० च्या आसपास ठेवा आणि 'डिव्हाइस-स्केल-फॅक्टर' २ करा. पान मोबाईलसारखं उभं मांडलं जातं आणि अक्षरं दुप्पट पिक्सेलांत येतात. वाचायला चष्मा शोधावा लागत नाही.

इथवर सगळं अर्ध्या तासात होतं. खरी मेहनत पुढे आहे: फोटो कधी काढायचा हे ठरवणं.

माझा पहिला आपोआप फोटो ग्रुपवर गेला तेव्हा त्यात एक गोल फिरणारं चक्र होतं, बाकी पांढरं. शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, "काय गा, हे कायचं चक्कर टाकलं? भाव कुठी आहे?" झालं असं होतं की पान आलं होतं, तक्ता आला नव्हता. आजकालच्या पानांत आधी नुसता सांगाडा येतो, मग जावास्क्रिप्ट मागाहून आकडे मागवून तक्ता भरते. 'गोटू' एरवी 'लोड' होईपर्यंतच थांबतो, आणि लोड म्हणजे सांगाडा आणि त्यासोबतची चित्रं वगैरे आली एवढंच, मागाहून मागवलेले आकडे नव्हे.

यावर सहज सुचतो तो उपाय म्हणजे दहा सेकंद थांबायला सांगणं. तो करू नका. टॉवर नीट असेल त्या दिवशी आठ सेकंद वाया जातात, आणि ढग दाटून आले की दहा पुरत नाहीत. दुसरा उपाय 'वेट-अंटिल' मध्ये 'नेटवर्क-आयडल-झीरो' देणं (हे सगळं लहान अक्षरांत, जोडून आणि शेवटी 0 हा आकडा). म्हणजे अर्धा सेकंद एकही नेटवर्क जोडणी चालू नसली की पान तयार समजायचं. 'नेटवर्क-आयडल-टू' (तसंच, शेवटी 2) दोन जोडण्यांपर्यंत चालवून घेतं. हे बऱ्याच पानांवर जमतं. पण काही पानं सतत कशाची ना कशाची विचारपूस करत राहतात, शांत होतच नाहीत, आणि ३० सेकंदांनी पपेटियर वेळ संपल्याचं सांगून हात वर करतो. ही मुदत 'टाइमआउट' ने वाढवता येते. ती मिलिसेकंदांत असते, मी ९०००० ठेवली आहे. आमच्याकडे तेवढी लागते.

तिसरा उपाय 'वेट-फॉर-सिलेक्टर'. तक्त्याची ओळ दिसली की पुढे जा. हा चांगला आहे, पण त्यातही मी फसलो. पान उघडताच त्यावर एक तक्ता आधीच असायचा, दुसऱ्याच शेतमालाचा. मी 'सिलेक्ट' ने कापूस निवडायचो, 'क्लिक' ने शोधाचं बटण दाबायचो, आणि तक्ता दिसतोच आहे म्हणून प्रोग्राम लगेच फोटो काढून मोकळा. ग्रुपवर कापसाच्या नावाखाली तुरीचा भाव गेला. लोक दोन दिवस हसत होते.

शेवटी टिकला तो 'वेट-फॉर-फंक्शन'. यात तुमची स्वतःची अट लिहिता येते आणि ती खरी होईपर्यंत ब्राउझर थांबतो. माझी अट अशी: तक्त्याच्या मजकुरात 'कापूस' हा शब्द हवा, 'हिंगणघाट' हवं आणि आजची तारीखही हवी. तारखेची अट घातली आणि एका दगडात दोन पक्षी मेले. अर्धवट तक्त्याचा फोटो निघणं थांबलं, आणि कालचाच भाव आजचा म्हणून जाणंही थांबलं. बाजार बंद असला की ती तारीख येतच नाही, मुदत संपते, फोटो निघत नाही. ते बरोबरच आहे. तारीख पानावर कशी लिहिली आहे ते मात्र आधी नीट बघा. दिवस आधी की महिना, मधे तिरकी रेघ की आडवी, एवढ्या फरकानेही अट कधीच खरी होत नाही.

तक्ता तयार झाला की अख्ख्या पानाचा फोटो कशाला? 'फुल-पेज' ला 'ट्रू' दिलं तर वरपासून खालपर्यंत लांबच लांब पट्टी निघते, तीत मंत्र्यांचे फोटो आणि निविदा सूचनाही येतात. त्यापेक्षा तक्त्याचा घटक पकडून त्याच्यावरच 'स्क्रीनशॉट' चालवा, तेवढाच तुकडा मिळतो. वर चिकटून राहणारी पट्टी तक्त्यावर येत असेल तर 'इव्हॅल्युएट' मधून ती आधी लपवा. ही आज्ञा तुमची जावास्क्रिप्ट त्या पानाच्या आतच चालवते. एखाद्या पानावर चित्रं खाली सरकल्यावरच येत असतील तर 'इव्हॅल्युएट' मधूनच पान तळापर्यंत सरकवून घ्या.

आणि त्याच 'इव्हॅल्युएट' मध्ये आणखी एक काम करून घ्या. तक्त्यावर 'इन्सर्ट-रो' शून्य चालवून सगळ्यात वर एक ओळ घाला आणि तीत स्रोताचं नाव, तारीख आणि फोटो काढल्याची वेळ लिहा. लिंक उघडली तर ताजी माहिती देते. फोटो एकदा निघाला की निघाला, तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर महिनाभर फिरत राहतो. दिवाळीचा भाव संक्रांतीला कोणी दाखवला तर निदान त्याच्या कपाळावर तारीख असावी. आकड्यांना मात्र हात लावायचा नाही.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसू शकतात. घाबरू नका, देवनागरी फॉन्ट नाही एवढाच त्याचा अर्थ. लोहित देवनागरी किंवा नोटो बसवा. पान स्वतःचा फॉन्ट मागवत असेल तर फोटोआधी 'डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडी' ची (सगळं लहान अक्षरांत, रेघेच्या जागी टिंब) वाट पाहा, म्हणजे वेलांट्या-उकार जागेवर येतात.

फोटो पीएनजीच ठेवा, आकड्यांच्या कडा स्वच्छ राहतात. 'क्वालिटी' चा आकडा फक्त जेपेग आणि वेबपीला लागू होतो, पीएनजीला नाही. व्हॉट्सअ‍ॅप पुढे त्याला दाबतंच, म्हणून अक्षर मुळात मोठं हवं.

आता वेळ लावून द्या. विंडोजवर टास्क शेड्यूलर, लिनक्सवर क्रॉन. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे टास्क शेड्यूलरमध्ये 'ठरलेली वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव' या अर्थाचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. दर मिनिटाला सरकारी सर्व्हरचं दार ठोठावण्यात अर्थ नाही, भाव तेवढ्या वेगाने बदलतही नाही. कॅप्चा असलेल्या पानाच्या वाटेला जाऊ नका. आणि दुसऱ्या कोणाचा सातबारा काढायला हे यंत्र वापरू नका, मग सांगणारा कितीही गयावया करो.

'क्लोज' ची ओळ 'फायनली' मध्ये ठेवा, म्हणजे मधे काही बिघडलं तरी ब्राउझर बंद होतो. मी ती ठेवली नव्हती. रोज एक न दिसणारा क्रोम मागे उरत होता, आणि आठवड्याने लॅपटॉपचा पंखा थ्रेशरसारखा ओरडायला लागला.

फोटो फोल्डरमध्ये पडतो, ग्रुपवर मी तो हातानेच टाकतो. टाकण्याआधी एकदा उघडून बघतो, त्या तुरीच्या दिवसापासून.