दीपगृहाच्या भिंगाचे तत्त्व घरी कसे पडताळावे
नाशिकपासून समुद्र दूर असला, तरी दीपगृहाचे भिंग समजून घेण्यास एक अंधारी खोली पुरते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांचे भिंग 1823 मध्ये फ्रान्समधील कोर्दुआन दीपगृहात प्रथम बसवले गेले. तोवर मुख्यतः धातूच्या परावर्तकांवर भागवले जाई आणि बराच प्रकाश वाया जाई.

मेन रोडवरील एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात वाचनासाठीचे पातळ, कार्डासारखे प्लास्टिकचे भिंग मागावे. ते फ्रेनेल भिंगच असते आणि त्यावरून नख फिरवल्यास समकेंद्री खाचा स्पष्ट जाणवतात. दिवसा खिडकीसमोरील भिंतीजवळ ते धरून, बाहेरच्या दूरवरील इमारतीची उलटी प्रतिमा भिंतीवर स्वच्छ उमटेपर्यंत पुढेमागे करावे. तेव्हाचे भिंतीपासूनचे अंतर म्हणजेच नाभीय अंतर. भिंग उन्हात मात्र ठेवू नये, कागद पेटू शकतो. रात्री भिंगापासून तेवढ्याच अंतरावर मोबाइलचा टॉर्च धरला, की पसरणारा प्रकाश जवळजवळ समांतर होऊन समोरच्या भिंतीवर झोत पडतो.

मोठ्या दीपगृहात पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या भिंगाचे हे नाभीय अंतर 920 मिलिमीटर असते. तेथे मधल्या काचा प्रकाशाचे अपवर्तन करतात, म्हणजे त्याला वाकवतात, तर वरखालचे लोलक त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन करतात, म्हणजे त्याला काचेच्या आतूनच परतवतात. ही जोड मला सर्वांत मोलाची वाटते. शेवटी टॉर्च स्थिर ठेवून भिंग किंचित बाजूला सरकवावे, म्हणजे झोतही सरकतो.