तलावाकाठच्या मुक्कामाची तयारी: नागपूरहून गाडी काढण्याआधी

नकाशावर निळा ठिपका दिसला की तिथेच तंबू ठोकायचा, हा विचार आधी सोडून द्या. आमच्या भंडारा-गोंदियाकडे असे ठिपके पावलोपावली आहेत. मोठे तलाव, लहान बोड्या, कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव. आता त्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी (मालगुजार हे इथले जुने जमीनदार). पाणी मोकळं दिसलं तरी ते बेवारस नसतं. त्या पाण्यावर खालच्या धानाचा हक्क असतो, मासळीचा ठेका बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, सहकारी संस्थेकडे असतो, आणि पलीकडचा काठ जंगलात असेल तर वनविभागाची परवानगी लागते. म्हणून यादीतलं पहिलं काम फोनवरचं. ग्रामपंचायतीला विचारा, मासळीवाल्यांना विचारा, जंगलाची हद्द लागत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाला विचारा. तिघांपैकी एक जण जरी ‘नको’ म्हणाला तर दुसरा तलाव शोधा. आपल्याकडे तलावांचा काही दुष्काळ नाही.

सोबत लहान मुलं असतील आणि पहिलीच खेप असेल तर रामटेकजवळच्या खिंडसीपासून सुरुवात करा. नागपूरहून तासा-दीड तासाचा रस्ता, वर गड, खाली नौकाविहार, आणि कुणाला रात्री ताप आलाच तर गाव हाताशी. दुसऱ्या खेपेला नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव डोंगरांच्या कुशीत आहे आणि हिवाळ्यात तिथे पाहुण्या बदकांची गर्दी असते. बोर धरण वर्धा जिल्ह्यात, सोपं आणि शांत. मेळघाटात सिपना नदीकाठचं कोलकास आणि सेमाडोह इथे वनविभागाचीच निवासाची सोय आहे. तिथे स्वतःचा तंबू ठोकायचा हट्ट कशाला? ताडोब्याला जाणार असाल तर मंगळवारी गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंदच, हे तारीख ठरवण्याआधी बघा. बफरच्या गावांत मुक्कामाच्या बऱ्याच जागा आहेत. त्यांतली कुंपण असलेली, रात्री राखणदार ठेवणारी जागाच घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणसं एकाच वाटेनं चालतात.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलाच बरा. मार्चमध्ये मोह गळायला लागतो आणि अस्वलं पहाटे झाडाखाली असतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्या उन्हात तंबू म्हणजे भट्टी. डिसेंबरची थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. गोंदियाकडे पारा 8-9 अंशांवर उतरतो आणि तलावाजवळ दहिवर इतकं पडतं की तंबू आतून-बाहेरून ओला होतो. गोधडी घ्याच, आणि तंबूखाली घालायला जाड ताडपत्री.

आता जागा. ती दुपारी चारच्या आत पोचून, उजेडात, पायी फिरून निवडायची. माझा सगळा जोर यावरच आहे. अंधारात पोचलात तर जिथे गाडी थांबते तिथेच माणूस झोपतो, आणि ती जागा नेमकी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर असते. दिवसा पाळीवर हवा छान लागते, फोटो सुरेख येतात. पण रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट तीच. एकदा आम्ही सांडव्याशेजारी सतरंज्या पसरल्या होत्या. जाळं खांद्यावर टाकून घरी निघालेला एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, “काहून जी इथं राह्यले? हे अस्वलाची वाट हाये.” त्यानं बोट दाखवलं तेव्हा चिखलातले पंजे आम्हाला दिसले. तासभर आधीपासून आम्ही त्यांच्यावरूनच फिरत होतो! तेव्हापासून माझा नेम असा: पाणी दिसेल इतकं जवळ, पण पाण्यापासून दोनशे पावलं तरी लांब, गावाच्या अंगाला, मुरमाड उंचवट्यावर. बेशरमाच्या झुडपांच्या दाटीजवळ नको, वारुळाजवळ नको, वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नको.

कॅम्पर व्हॅन घेऊन येणाऱ्यांनी हे जरा हळू वाचावं. 2021 पासून राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, पण धोरणानं पाळ रुंद होत नाही. पाळ मातीची असते, बैलबंडी आणि फार तर ट्रॅक्टरपुरती. तीन टनांची गाडी तिच्यावर चढवू नका. गावात शिरताना विजेच्या लोंबत्या तारा बघा, गाडीची उंची फुटात पाठ असू द्या. धान कापल्यावर बांधी, म्हणजे धानाचं खाचर, कोरडी दिसते, पण खाली ओल असते. माझ्या मेहुण्यानं पुण्याहून आणलेली गाडी अशाच एका ‘रिकाम्या’ बांधीत उतरवली आणि चाकं बसली. ती बांधी रिकामीही नव्हती. उभ्या धानातच लाखोळी हे कडधान्य पेरलेलं होतं, बोटभर उगवून आलं होतं. ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली, शेतकऱ्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त तुडवलेल्या पट्ट्याकडे बघत राहिला. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हा गाडी डांबरीच्या कडेच्या मुरमावर, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात, विचारून लावा. 15 अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग आहे का ते आधी विचारा, संध्याकाळी विजेचा दाब किती उतरतो तेही. पेंच 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरलं. तिकडे तारे बघायला जाऊन छतावरचा दिवा आणि जनरेटर रात्रभर चालू ठेवणारे लोक मला कळत नाहीत. भांड्यांचं, अंघोळीचं पाणी तलावाकडे सोडू नका. टाकीत साठवून लांब, खड्ड्यात.

पिण्याचं पाणी घरून किंवा कॅनचं. चंद्रपूर-यवतमाळकडे बऱ्याच गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, एक-दोन दिवसांत काही होत नाही, पण लहान मुलांना कशाला द्या.

झोपायची व्यवस्था ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. जमिनीवर उघड्यावर झोपायचं नाही. मण्यार रात्री फिरते आणि झोपेतल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेला असतो. तंबूची चेन पूर्ण लावलेली, नाहीतर खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. बूट सकाळी झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. 108 ला रुग्णवाहिका आणि 1926 ला वनविभाग, हे दोन्ही नंबर कागदावर लिहा. जंगलात मोबाइलची रेंज जाते. म्हणून फोन लावावा लागला तर रेंज कुठल्या टेकाडावर येते, हेही उजेडातच बघून ठेवा. पावसाळ्यानंतर लगेच जात असाल तर गवतात बसू नका, स्क्रब टायफस हा ताप पसरवणारे बारीक किडे तिथेच असतात. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा बेत सगळ्यांनाच हवा असतो. गोवऱ्या घरून आणा, जंगलातलं लाकूड उचलायचं नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम, त्या काळात जंगलालगत विस्तव नकोच, घरूनच रोडगे भाजून न्या. बाकीच्या दिवसांतही निखाऱ्यांचा हारा विझवताना पाणी ओतून, काठीनं उकरून, परत पाणी ओता. उरलेली वांग्याची भाजी तंबूत ठेवू नका, गाडीत बंद करा.

कपडे, औषधं, पत्ते, क्रिकेटची बॅट हे तुमचं तुम्ही बघा. एक झाकणाचा रिकामा डबा मात्र न विसरता घ्या. सकाळी सात-साडेसातला ढिवरांचे डोंगे काठाला लागतात, ताजी मासळी तेवढा वेळच मिळते. मग ती बाजाराला जाते.