जोडलेले फिश टँक घरी करताय? या चुका टाळा

पहाटे पावणेचारला दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "अहो, आमच्या हॉलमध्ये वरून पाणी गळतंय. तुमच्या माशांचं तर नाही ना?" माशांचंच होतं. नाशिकला सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन टँक एका ओळीत जोडून मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. त्या रात्री साठेक लिटर पाणी फरशीवरून वाट काढत खाली गेलं. त्यानंतर हे काम मी दोनदा उखडून पुन्हा केलं.

आधी माझी चूक सांगतो, कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. तिन्ही टँक ३ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच, एकाच पातळीवर ठेवलेले. शेजारच्या दोन टँकमध्ये उलट्या यू आकाराची नळी, म्हणजे पाण्याचा पूल. तिसऱ्यात सबमर्सिबल पंप. तो पाणी उचलून पहिल्यात टाकणार आणि पुलांवरून ते परत तिसऱ्यात येणार. काचेला भोक नाही, खर्च नाही, आणि पुलातून मासे इकडून तिकडे जाताना दिसतात ते वेगळंच. दिसायला झकास.

गोम अशी की पाण्यातले बारीक बुडबुडे, वनस्पतींनी सोडलेला ऑक्सिजन, हे सगळं पुलाच्या माथ्यावर साचत जातं. पाणी वाहतं असेल तर त्यातलं बरंचसं पुढे ढकललं जातं. त्या रात्री लाइट गेली, प्रवाह थांबला आणि हवा माथ्यावर बसली. तीनच्या सुमारास लाइट आली, पंप सुरू झाला, पण पूल तुटलेला. पंपाला त्याचं काय? तिसऱ्यातलं पाणी तो इमानेइतबारे पहिल्यात ओतत राहिला. पहिला भरून वाहिला, तिसरा रिकामा झाला, आणि शेवटी कोरडा फिरून पंपही गेला.

पूलच हवा असेल तर दोन गोष्टी करा. माथ्यावर एक बारीक एअर नळी बसवून त्यातून हवा ओढून घ्यायची सोय ठेवा. आणि पंप तळाशी ठेवू नका. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीच्या दीड इंच खाली, आणि पहिल्या टँकला वर दोन इंच मोकळी जागा. टँक सारख्या मापाचे असले की तिसऱ्यातलं दीड इंच पाणी पहिल्यात दीड इंचच चढणार. पूल तुटला तरी पंप कोरडा पडेल, फरशी कोरडी राहील. पंप जळाला तरी परवडतो, काकूंचं छत परवडत नाही.

मी मात्र पूल काढूनच टाकले. आता प्रत्येक टँकला वरच्या बाजूला भोक पाडून सांडवा केला आहे, तिन्ही सांडव्यांचं पाणी एका पाइपातून खाली संपमध्ये, म्हणजे टँकच्या खाली ठेवलेल्या लहान टाकीत, उतरतं आणि तिथून पंप तिन्ही टँकना वेगवेगळं पाणी देतो. गंगापूर धरण ज्यांनी पावसाळ्यात पाहिलंय त्यांना सांडवा समजावून सांगायला नको. सांडवा बुजला नाही तर पातळी त्याच्या वर जात नाही, आलेलं पाणी पुढे निघून जातं.

पण या पद्धतीतही एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. पंप बंद झाला की वर पाणी देणाऱ्या पाइपात उलटा सायफन लागतो, म्हणजे टँकमधलं पाणी त्याच पाइपातून आपोआप खाली ओढलं जातं. पाइपाचं तोंड पाण्यात जितकं खोल, तितकं पाणी खाली येणार. आकडे मांडून बघा. ३ बाय १ फुटाच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे साधारण ७ लिटर. तोंड तीन इंच खोल असेल तर एका टँकमधून २१ आणि तिन्हींमधून ६३ लिटर. माझा संप २ बाय १ बाय १ फुटाचा, काठोकाठ भरला तरी ५६ लिटरचा. म्हणजे लाइट गेली की पूर ठरलेला. तोंड अर्धा इंचच बुडवलं की हेच साडेदहा लिटरवर येतं, त्यात पाइपांतलं आणि सांडव्यावरून निथळणारं थोडं धरा. संपमध्ये एका इंचाला पावणेपाच लिटरच्या आसपास मावतात, तेव्हा चार इंच मोकळे ठेवले की निभावतं.

पाण्याच्या पातळीलगत पाइपाला बारीक भोक पाडा, त्यातून हवा शिरून सायफन तुटतो, असंही सांगतात. ते खरंच आहे. पण बोअरचं जड पाणी वापरत असाल तर ते भोक क्षार धरून बुजतं, शेवाळानेही बुजतं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचीही तीच गत, एखादी गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो. दोन्ही बसवा, पण भरवसा संपमधल्या मोकळ्या जागेवर ठेवा.

गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? संपवर तसाच एक मारुती हवा. सगळं चालू करा, मग मेन स्विच बंद करा, पाणी चढून थांबेल तिथे काचेवर लाल टेप लावा. पंप चालू असतानाच्या पातळीला दुसरी टेप. रोज पाणी टाकताना या दुसऱ्या टेपच्या वर जायचं नाही. ही चाचणी मासे सोडण्याआधी, गॅलरीत किंवा मोरीजवळ, निदान पाच-सहा वेळा.

आता पातळीचं. फरशीला उतार असतोच, मोरीकडे तर मुद्दाम दिलेला असतो. तीन टँक पुलांनी किंवा तळाच्या पाइपांनी जोडले तर पाणी सगळीकडे एकाच पातळीला येणार, टँकचे काठ मात्र फरशीप्रमाणे वरखाली. काठांत एक इंचाचा फरक असेल तर खालचा टँक आधी वाहतो. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल नळी असते, तीत पाणी भरून दोन्ही टोकं दोन काठांना धरा, फरक तिथेच दिसेल. स्टँडखाली पाचर द्यायची ती टँक भरण्याआधी. भरलेला एक टँक ८५ किलो पाणी धरतो, तीन मिळून अडीचशेच्या वर, शिवाय काच. घरातल्या फळीच्या कपाटावर हे मांडू नका. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या आणि काचेखाली थर्माकोल घाला, नाहीतर एखादा बारीक खडाही तळाची काच तडकवतो.

भोक पाडण्याआधी काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना हे विचारून घ्या. टफन्ड काचेला भोक पडत नाही, तिचा चुरा होतो. साध्या काचेला डायमंड होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, हळू फिरवत, सतत पाणी सोडत भोक पाडायचं. भोक आणि काठ यांच्यात निदान भोकाएवढं अंतर ठेवा. टँक निपल, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा, प्लॅस्टिकचंच घ्या. पितळेतलं तांबं झिंगे आणि गोगलगायींना मारतं. रबरी वायसर पाण्याच्या बाजूला येतो, आणि निपल पान्याने आवळू नका. हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. जास्त आवळलं की काचेला तडा जातो, तोही लगेच नाही, चार दिवसांनी.

सिलिकॉन घेताना बाथरूमचं बुरशीरोधक घेऊ नका, त्यातलं औषध माशांना विष आहे. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. गळती दिसली की जुन्यावरच नवा थर लावायचा मोह होतो. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, सगळं ब्लेडने खरवडूनच लावावं लागतं.

पंपाच्या खोक्यावरच्या आकड्याने फसू नका. तो आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळणारा असतो. चार फूट उंची आणि तीन एल्बो मध्ये आले की बराच खाली येतो. १० लिटरच्या बादलीत वरच्या तिन्ही नळ्यांचं पाणी सोडा. ३६ सेकंदांत भरली तर ताशी १००० लिटर. अडीचशे लिटरच्या टँकना तेवढं पुरतं. उतरणारा पाइप चढणाऱ्यापेक्षा जाडच हवा. बॉल व्हॉल्व्ह फक्त चढणाऱ्या पाइपवर, सांडव्याच्या पाइपवर कधीही नाही. सांडव्यात रात्रभर गुळगुळ आवाज येत असेल तर सांडव्याच्या पाइपवरच्या टी आकाराच्या जोडाच्या टोपीला बारीक भोक पाडा, हवा आत गेली की आवाज थांबतो.

माशांच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची. टँक तीन असले तरी पाणी एकच. फ्लॉवरहॉर्नसारखा मारकुटा मासा वेगळ्या टँकमध्ये ठेवता येतो, हा जोडटँकचा मोठा फायदा. पण थंड पाण्यातला गोल्डफिश आणि २८ अंशांच्या पुढचा डिस्कस एका पाण्यात सुखी राहणार नाहीत. एका टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला म्हणजे तिन्हींत आला. एकात टाकलेलं औषध तिन्हींत गेलं, फिल्टरमधल्या पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंपर्यंतही. म्हणून नवा मासा दोन-तीन आठवडे अगदी वेगळ्या, न जोडलेल्या टबात ठेवा, त्याची जाळीही वेगळी. आणि हे जिवाणू वाढून फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, टँक तीन केले म्हणून ते लवकर होत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर एका फेरीत सगळीकडे पोचतं, तेव्हा पाणी बदलताना क्लोरीन घालवणारं हायपो विसरू नका.

नाशिकच्या थंडीत, पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, हीटर संपमध्ये ठेवा. एकाच टँकमध्ये ठेवला तर तो टँक बाकीच्यांपेक्षा गरम राहतो. मात्र संपची पातळी बाष्पीभवनाने उतरते, हीटर उघडा पडला की फुटतो. तो आडवा, तळाजवळ बसवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये न शिरता खाली पडतो. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी स्विच, नसेल तर आधी ती बसवा, मग टँक.

काकूंचं छत मी रंगवून दिलं. पण जुन्या पांढऱ्यात नवा पांढरा मिसळला नाही, पंख्याशेजारी ताटाएवढा चट्टा राहिलाच आहे. गणपतीत खाली आरतीला गेलो की काकू हसून आधी वर बघतात, मग माझ्याकडे.