डॅशबोर्डवरचा दिवा पेटलाय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

आधी चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे पेटले पाहिजेत. एखादा पेटलाच नाही तर त्याचा बल्ब किंवा सर्किट गेलंय. हे जास्त धोक्याचं, कारण खरा बिघाड झाला तरी तो दिवा गप्पच राहील.

सगळ्यात महागात पडते ती ऑइलच्या लाल दिव्याबाबतची चूक: ‘सेन्सर खराब असेल’ म्हणत गाडी दामटणं. इंजिन तिथेच बंद करा. सपाट जागी दहा मिनिटं थांबून डिपस्टिकवर ऑइलची लेव्हल बघा. लेव्हल बरोबर असली तरी इंजिन सुरू करू नका, ऑइलचा दाब ओळखून दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचचा कपलर (वायरीचा प्लग) काढून बघा. आत ऑइल दिसलं तर स्विच आतून फुटलाय. एका वायरचा साधा स्विच असेल तर चावी ऑन ठेवून ती वायर मोकळी सोडा. दिवा तरीही पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी घासून गाडीच्या बॉडीला टेकतेय, म्हणजे अर्थ होतेय. विझला तर वायर ठीक आहे, एवढंच कळलं. प्रेशर आहे असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज (दाब मोजायचा काटा) लावूनच खात्री करावी लागते. ईसीयूमार्फत (इंजिनच्या कॉम्प्युटरमार्फत) दिवा चालणाऱ्या गाड्यांत ही वायरची चाचणी चालत नाही.

बॅटरीचा दिवा लागला की बॅटरीच बदलली जाते, पण तो दिवा चार्जिंगचा आहे. इंजिन बंद असताना चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत. चालू इंजिनवरही १२च्या आसपास राहून आकडा उतरत असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासा. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत मात्र कृपा करून वापरू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

चेक इंजिनचा कोड (ईसीयूने साठवलेला, स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा नंबर) लिहून न घेता पुसला की बिघाडाच्या क्षणी साठलेला डेटाही जातो. पी०१७१ हा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय एवढंच तो सांगतो, आणि कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइपही असू शकतो. हा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये, गाडी थांबवा.

तीन-चार दिवे एकदम लागले तर आधी बॅटरी आणि अर्थच्या वायरी बघा.

एअरबॅगच्या कपलरला मल्टिमीटर कधीही लावू नका. मीटरच्या करंटनेही बॅग फुटू शकते.