ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर संयुक्त मोहीम उभारण्यापूर्वीची तयारी

बीड, धाराशिव, जालना, परभणी किंवा लातूर जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या आरोग्याचा आणि नोंदणीचा प्रश्न घेऊन चार-सहा संघटना एकत्र आल्या की पहिली बैठक बहुधा उत्साहात पार पडते, निवेदनाचा मसुदा त्याच दिवशी तयार होतो आणि जिल्हाधिकारी कचेरीवरच्या मोर्चाची तारीखही ठरते. ती तारीख ठरवण्याआधी ज्या गोष्टी कागदावर यायला हव्यात, त्यांची ही यादी आहे. त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी: सरकारने मागणीचा अर्धाच भाग मान्य केला तर तो स्वीकारायचा की नाही आणि हे कोणी ठरवायचे, याचे उत्तर एकत्र येण्याच्या दिवशीच लिहून ठेवलेले असावे.

तयारीची सुरुवात दिनदर्शिकेपासून करावी. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन मात्र डिसेंबरात नागपूरला भरते. म्हणजे प्रश्न सभागृहात मांडला जाण्याची वेळ येते तेव्हा ज्यांचा तो प्रश्न आहे त्या बायका कोल्हापूर-सांगलीकडच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) असतात आणि नागपुरात त्यांच्या नावाने बोलायला केवळ पदाधिकारी उरतात. यावर उपाय आहे, पण तो पावसाळ्यातच करावा लागतो. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत, आणि त्याआधी महिलांच्या सभेत, मागण्यांचे ठराव मंजूर करून घ्यावेत, त्यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मिळवाव्यात आणि अधिवेशनात संयुक्त मोहिमेचा प्रतिनिधी जे बोलेल ते या ठरावांच्या चौकटीतच बोलेल असे सर्व संघटनांनी मान्य करावे. ठराव नसलेल्या गावाच्या वतीने कोणी बोलू नये.

मागण्या लिहिताना प्रत्येक मागणी कोणत्या दारात न्यायची हेही तिच्यासमोर लिहावे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय आरोग्य खात्याचा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचा आहे, ओळखपत्र आणि कल्याणकारी योजनांचा विषय सामाजिक न्याय विभागाचा आणि लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा, तर फडावरच्या, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतावरच्या, पाणी-शौचालयाचा विषय कारखान्याचा आणि म्हणून पुण्याच्या साखर आयुक्तालयाचा आहे. मागे राहिलेल्या मुलांची हंगामी वसतिगृहे शिक्षण विभागाकडे आणि गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे येतात. एका संघटनेची साखर आयुक्तालयात ये-जा असते, दुसरीचे वजन आरोग्य खात्यात असते, तिसरीला गावोगावच्या शिक्षकांचा विश्वास असतो. सहभागी संघटना निवडताना ही दारे मोजावीत. एकाच दारात ओळख असलेल्या पाच संघटना जमल्या तर पत्रकावरची नावे वाढतात, काम मात्र एकाच खात्याशी अडून राहते.

आकड्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याची जी माहिती आली, तीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली होती. हे प्रमाण साधारण सहा जणींमागे एक एवढे होते, आणि ते फुगवून सांगण्याची काहीच गरज नाही. तरीही व्यासपीठावर प्रत्येक वक्ता आपला वेगळा आकडा सांगतो, दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत दोन आकडे येतात आणि खात्याचा अधिकारी चर्चेचा पहिला अर्धा तास त्या तफावतीवरच घालवतो. सर्वांनी एकच टिपण वापरावे. त्यात आकडा, वर्ष आणि तो कोणत्या पाहणीतला आहे एवढे असावे आणि त्याबाहेरचा आकडा कोणी उच्चारू नये.

आता सर्वांत अवघड प्रश्न. मुकादमांना, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला पुरवणाऱ्या मध्यस्थांना, सोबत घ्यायचे का? या भागातल्या कित्येक संघटना कामगार, मुकादम आणि वाहतूकदार अशा तिघांच्या मिळून आहेत, आणि दरवाढीच्या लढ्यात तिघांचे हित बरेचसे एका दिशेला जाते. महिलांच्या प्रश्नावर तसे होत नाही. मुकादमाची वही उघडून पाहिली तर हे लगेच ध्यानात येते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता असतो, नाव नवऱ्याचे असते, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) त्याच्या नावावर मांडलेली असते, आणि बायको बाळंतपणात किंवा पाळीच्या त्रासात फडावर गेली नाही तर खाडा (गैरहजेरीचा दंड) मात्र त्या जोडीच्या हिशेबातून कापला जातो. तिचे नाव त्या पानावर कुठेच नसते. स्वतंत्र नोंदणी ही महिलांची पहिली मागणी आहे आणि खाड्याची पद्धत बंद करणे ही दुसरी, आणि या दोन्ही मागण्या थेट त्या वहीला हात घालतात. अशा वेळी मुकादमांची संघटना निर्णय घेणाऱ्या समितीत असेल तर मागणीपत्रातून खाड्याचा मुद्दा हळूहळू ‘नंतर पाहू’ या सदरात जातो. तो कोणी उघडपणे काढत नाही, म्हणूनच ते लवकर कळत नाही.

म्हणून मुकादमांना वाळीत टाकावे असे मात्र मी म्हणणार नाही. कोणत्या टोळीत कोण कुठल्या कारखान्यावर गेले आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, आणि अनेक मुकादम स्वतःही कारखान्याकडून घेतलेल्या रकमेच्या ओझ्याखाली असतात. माझे मत असे आहे की त्यांच्याशी सहकार्य मुद्द्यापुरते आणि लेखी ठेवावे: दर, विमा, फडावरच्या सोयी आणि अपघात-भरपाई या विषयांवर त्यांची संघटना सहभागी असेल, तर नोंदणी, उचल आणि खाडा या विषयांवर निर्णय घेताना तिला मत नसेल. हे पहिल्याच बैठकीत त्यांच्या तोंडावर सांगावे. रागावून जो निघून जाईल तो पुढे ऐन वेळी निघून गेल्यापेक्षा आता गेलेला परवडतो, आणि जो हे ऐकूनही थांबेल त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

अर्ध्या मागणीचा प्रश्नही याच बैठकीत सोडवावा. मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, त्यानंतर दलित वस्त्यांनी भयंकर अत्याचार सोसले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी जे हाती आले तो नामविस्तार होता, म्हणजे जुन्या नावातला ‘मराठवाडा’ ठेवून त्याला आंबेडकरांचे नाव जोडले गेले. इतकी वर्षे झिजलेल्या लोकांना तो स्वीकारायचा की नाही हे ठरवावे लागले. अशा घडीला निर्णय कोण घेतो यावर पुढची कितीतरी वर्षे संघटनांचे आपसातले संबंध अवलंबून राहतात. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. दरवाढ मिळाली की कामगार संघटनेने आपल्या सभासदांना दिलेला शब्द बराचसा पूर्ण होतो आणि तिने उसंत घेणे स्वाभाविक असते, परंतु आरोग्य तपासणी आणि स्वतंत्र नोंदणी मागणाऱ्या महिला संघटनेच्या हाती त्या दिवशी काहीच पडलेले नसते. या विसंगतीला दगा म्हणणे अन्यायाचे होईल, मात्र ती अगोदर ओळखून ठेवलीच पाहिजे.

त्यासाठी सहमतीपत्रात तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, ज्याशिवाय कोणतीही तडजोड होणार नाही अशा मागण्या कोणत्या, आणि त्या दोनांपेक्षा जास्त नसाव्यात, कारण सगळ्याच मागण्या अटीच्या ठरल्या तर वाटाघाटीला बसणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. दुसरी, एखाद्या संघटनेची मागणी आधी मान्य झाली तर ती पुढे किती काळ आणि कोणत्या कामापुरती सोबत राहील. तिसरी, मंत्र्यांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात अंतिम होकार देण्याचा अधिकार कोणाचा. या तिसऱ्या प्रश्नाचे माझ्या लेखी एकच रास्त उत्तर आहे: स्वतः कोयता घेतलेल्या महिलांच्या प्रतिनिधींनी होकार दिल्याखेरीज होकार झाला असे धरू नये, आणि त्या हंगामावर असतील तर फोनवर त्यांना मसुदा वाचून दाखवेपर्यंत शिष्टमंडळाने सही करू नये. अधिकारी घाई करतात. एक दिवस मागून घेतल्याने चर्चा मोडत नाही.

पत्रक आणि बॅनर यांवरून होणारे मानापमान क्षुल्लक वाटतात, पण त्यांनी चांगल्या मोहिमा पोखरल्या आहेत. संघटनांची नावे अकारविल्हे छापावीत, व्यासपीठावर पक्षाचा झेंडा नसावा, पत्रकारांशी बोलणाऱ्या दोघी-तिघी ठरवाव्यात आणि त्यांतली किमान एक ऊसतोड कामगार असावी. निवडणुकीत उमेदवारी घेणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी समन्वय समितीतून बाजूला व्हावे. बीड जिल्ह्यात जातीचा ताण गेल्या काही वर्षांत वाढला आहे, तेव्हा एकाच समाजाच्या वस्तीत, एकाच गडाच्या (धार्मिक पीठाच्या) किंवा नेत्याच्या छायेत सगळ्या बैठका होणार नाहीत हे तारखा ठरवतानाच पाहावे. धारूरच्या तांड्यावर एक बैठक झाली तर पुढची गेवराईच्या वस्तीवर व्हावी, आणि दलित, बंजारा, वंजारी, मराठा अशा सर्व टोळ्यांतल्या बायका एका सतरंजीवर बसतील अशी जागा शोधावी. जिल्हा परिषदेच्या शाळेची पडवी बहुतेक गावांत त्यासाठी योग्य ठरते.

पैशाचा व्यवहार एका संस्थेच्या खात्यावर आणि दोन संस्थांच्या सहीने व्हावा. कोणत्या संस्थेकडे परदेशी निधी आहे हे आधीच विचारून घ्यावे, कारण परदेशी देणगीविषयक कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि राजकीय स्वरूपाच्या कामाबाबत त्या संस्थांवर बंधने असतात. अशा संस्थेने अभ्यास, प्रशिक्षण किंवा आरोग्य शिबिर सांभाळावे, मोर्चाचा खर्च लोकवर्गणीतून व्हावा. बैठकीला येणाऱ्या मजूर बाईचा खुरपणीचा रोज बुडतो. तो खर्चाच्या अंदाजपत्रकात धरावा, उपकार म्हणून देऊ नये.

परवानगीचे काम एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचे मनाई आदेश सण-उत्सवांच्या काळात वरचेवर निघतात, म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी ते तपासावेत. माहिती अधिकाराचे अर्ज नागरिकाच्या नावाने करावे लागतात. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस असली तरी अर्जदाराचे नाव कारखान्यापर्यंत पोहोचू शकते, म्हणून तिथे ज्याची उचल अडकली आहे अशा माणसाने अर्ज करू नये, शहरातल्या वकिलाने किंवा प्राध्यापकाने करावा. न्यायालयात जाण्याचा निर्णय कोणत्याही एका संघटनेने परस्पर घेऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली ही जमेची बाजू आहे, परंतु नवी याचिका दाखल झाली की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे उत्तर प्रत्येक कार्यालयात मिळू लागते आणि रस्त्यावरच्या सहकाऱ्यांचे काम खोळंबते.

हंगामाच्या काळात मोहीम टिकवायची तर कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव भागातल्या एखाद्या संघटनेला पावसाळ्यातच सहभागी करून घ्यावे. तिथल्या आरोग्य उपकेंद्राची, पोलीस ठाण्याची आणि लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्याखाली असलेल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीची माहिती प्रत्येक टोळीतल्या एका बाईकडे लिहून द्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच भागातल्या एका कार्यकर्तीचा क्रमांक फोनमध्ये साठवून द्यावा आणि निघण्यापूर्वी तो लावून पाहावा.

टोळ्या परतल्यानंतरची आढावा बैठक पाडवा आणि अक्षय तृतीया यांच्या दरम्यान घ्यावी, कारण त्यानंतर पुढील हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होतात आणि एकदा उचल घेतली की बाईला मोकळेपणी बोलणे अवघड जाते. या बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचावा, कोणत्या संघटनेने ठरलेले काम केले आणि कोणाचे राहिले हे नावानिशी नोंदवावे, आणि सहमतीपत्रातले प्रत्येक कलम पुन्हा वाचून ते पुढील वर्षासाठी ठेवायचे, बदलायचे की काढायचे हे आधी महिलांच्या प्रतिनिधींना आणि मग संघटनांना विचारावे.