हवं पण आणि नको पण

सहावीच्या वर्गावर मी दर शनिवारी नवीन कल्पना सुचवायचा तास घेते. ‘काहीतरी नवीन सुचवा’ असं मुलांना सांगू नका. ती गप्प बसतात. एक अडचण द्या आणि ती एका वाक्यात मांडायला लावा: अमुक हवं, कारण... तेच नको, कारण...

आमची सुरुवात माठातल्या ओगराळ्यापासून झाली. दांडा लांब हवा, म्हणजे बोटं पाण्यात बुडत नाहीत. दांडा आखूड हवा, म्हणजे झाकण नीट बसतं. हे वाक्य फळ्यावर पूर्ण होईपर्यंत एकही उत्तर ऐकून घेऊ नका. खरी मेहनत इथेच आहे. माझी पंधरा मिनिटं यातच जातात.

मग तीनच प्रश्न. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी चालतील का? वेगवेगळ्या जागी? वेगवेगळ्या भागांत? वेळेवरून एकीने दुमडता येणारा दांडा काढला. जागेवरून ओगराळं बाहेर खुंटीला गेलं. आणि एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “बाई, झाकणालाच खाच पाडू.” त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना हेच सांगत होते.

ही पद्धत संशोधक गेनरिख आल्टशुलर यांच्या ‘ट्रिझ’मधली, म्हणजे अडचणींवर नवे उपाय शोधायच्या रीतीमधली. सोव्हिएत संघात १९४६ पासून पेटंटांचा अभ्यास करत त्यांनी ती उभी केली. त्यातली ४० तत्त्वं मुलांकडून पाठ मात्र करून घेऊ नका.

उत्तरातली खोट मुलांनाच शोधू द्या. खाचेतून मुंग्या शिरतील, असं कुणीतरी म्हणालंच. पुढच्या शनिवारचं वाक्य तेच: फट हवी, फट नको.